ट्रेन सिम्युलेटर यार्डात अडखळतो? नवीन कार्ड घेण्याआधी हे तपासा

तक्रार ठरलेली असते. नवीन पीसी घेतला, आरटीएक्स ग्राफिक्स कार्ड टाकलं, बाकीचे गेम सुसाट पळतात, पण ट्रेन सिम्युलेटर मोठ्या स्टेशनात शिरला की रखडतो. मग चहूबाजूंनी सल्ले येतात: ड्रायव्हर बदल, विंडोज नव्याने टाक, याहून मोठं कार्ड घे. विंडोज नव्याने टाकल्यावर चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच यार्ड, तेच झटके. कार्ड बदललेल्यांचीही गत फारशी वेगळी नसते, फक्त खिसा हलका झालेला असतो.

बहुतेक वेळा कार्डाचा यात दोष नसतोच. ट्रेन सिम्युलेटर हा प्रोसेसरच्या एकेका कोअरच्या ताकदीवर, रॅमच्या वेगावर आणि डिस्कवर जगणारा प्रकार आहे. दुकानात मिळणारा तयार 'गेमिंग पीसी' मात्र गोळीबाराचे गेम डोळ्यांसमोर ठेवून जुळवलेला असतो: कार्ड मोठं, बाकी सगळं जेमतेम. म्हणून नवीन मशीन घ्यायचं असो की असलेलं सुधारायचं असो, गाडी नेमकी कुठे आणि कशी अडखळते ते आधी बघायचं. पैसा कुठे घालायचा ते त्यावरून बऱ्यापैकी कळतं, आणि कित्येकदा तो घालावाच लागत नाही.

अडखळण्याच्या तऱ्हा

एक तऱ्हा अशी की जंक्शन, यार्ड किंवा मोठं टर्मिनस आलं की एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा आकडा, ६० वरून २०-२५ वर येतो आणि तिथून बाहेर पडेपर्यंत तिथेच राहतो. मोकळ्या सेक्शनवर पुन्हा सगळं ठीक. दुसरीत एफपीएस एरवी चांगला असतो, पण मधूनच गाडी क्षणभर थिजते आणि एकदम पुढे उडी मारते. तिसरीत सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं छान जातात, मग सगळंच जड होत जातं किंवा गेम सरळ बंद पडतो. तिघींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. नुसतं "लॅग होतंय" म्हणणाऱ्याला धड उत्तर मिळत नाही ते यामुळेच.

दुसरी तऱ्हा पकडायला घड्याळ पुरतं. ओपन रेल्स हा सिम्युलेटर मूळच्या २००१ सालच्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरचे रूट चालवतो, आणि त्या रूटवर जमीन २०४८ मीटर लांब-रुंद चौकोनी तुकड्यांत मांडलेली असते. गाडी सरकते तसे पुढचे तुकडे डिस्कवरून उचलले जातात आणि मागचे सोडून दिले जातात. ताशी १३० किलोमीटरला गाडी सेकंदाला ३६ मीटर कापते, म्हणजे सरळ रुळावर साधारण ५७ सेकंदांनी नवीन तुकडा येतो. ताशी ६० ला हेच अंतर दोन मिनिटांच्या आसपास जातं. तेव्हा एकाच सेक्शनवर एकदा जोरात आणि एकदा निम्म्या वेगाने जा. वेग निम्मा केल्यावर दोन झटक्यांमधला वेळ दुप्पट झाला, तर दुखणं लोडिंगचं आहे. गाडी प्लॅटफॉर्मवर नुसती उभी असतानाही झटके त्याच अंतराने येत राहिले, तर सिम्युलेटरला दोष देऊ नका. मागे विंडोजमध्ये काहीतरी चाललं आहे. अँटिव्हायरस, क्लाउडवर फोटो चढवणारं सॉफ्टवेअर किंवा कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांचं सॉफ्टवेअर, यांपैकी एक हमखास सापडतं. ते दिव्यांचं सॉफ्टवेअर मी तर दिसलं की आधी बंद करायला लावतो.

यार्डात एफपीएस का पडतो

यार्डातलं प्रत्येक सिग्नल, ओएचईचा, म्हणजे वरच्या विजेच्या तारांचा, प्रत्येक खांब, बाकडं, झाड, उभा डबा काढायचा तर प्रोसेसरला कार्डाला सांगावं लागतं: हे काढ, इथे काढ. हजारो वस्तू असल्या की हजारो हुकूम, तेही सेकंदाला साठ वेळा. याच्या जोडीला गाडीच्या प्रत्येक डब्याचं भौतिक गणित असतं: कपलरचा ताण, ब्रेक पाइपातला दाब, चाकांची पकड. २२ डब्यांची एक्स्प्रेस सोडून ५८ डब्यांची बॉक्स-एन मालगाडी जोडली की हे काम कितीतरी वाढतं. शिवाय बाजूच्या लाइनवर धावणाऱ्या गाड्या आणि त्यांचे सिग्नल आहेतच. यातला मोठा भाग एकाच थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक, चालतो. बारा खिडक्यांच्या बुकिंग ऑफिसात एकच खिडकी उघडी असावी तसं होतं: रांग तिच्यापुढे, बाकीचे क्लार्क रिकामे.

टास्क मॅनेजर नेमका इथेच फसवतो. सहा कोअर, बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा फक्त आठ टक्क्यांनी वाढतो. बाकीची किरकोळ कामं धरून तिथे २० टक्के दिसतात आणि माणूस म्हणतो, प्रोसेसर तर झोपलाय! विंडोज तो थ्रेड एका कोअरवरून दुसऱ्यावर फिरवत राहतं, त्यामुळे कोअरवार आलेख काढले तरी एखादा शंभरावर ठाण मांडून बसलेला दिसेलच असं नाही.

खरी परीक्षा सोपी आहे. ज्या यार्डात अडकतं तिथेच गाडी उभी करा, एफपीएस लिहून घ्या, रिझोल्यूशन १०८० वरून ७२० करा, पुन्हा त्याच जागी या. आकडा जवळपास तोच राहिला, तर प्रोसेसर किंवा रॅम अडवते आहे आणि नवीन कार्डाने काडीचाही फरक पडणार नाही. आकडा भरभरून वाढला, तर कार्डच कमी पडतंय. एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लावून ठेवलंत तर तेच दुसऱ्या बाजूने दिसतं: एफपीएसवर कुठलीही मर्यादा घातलेली नसताना तो कमी आहे आणि कार्ड ५०-६० टक्क्यांवरच रेंगाळतंय, याचा अर्थ कार्ड हुकमांची वाट बघत बसलंय.

ओपन रेल्सवाल्यांना तर आत डोकावायची सोय आहे. खेळताना एफ५ दाबा, मग शिफ्ट धरून एफ५ दाबत डीबग माहितीच्या पानापर्यंत जा. तिथे रेंडर, अपडेटर, लोडर आणि साउंड अशा चार प्रोसेस टक्क्यांसकट दिसतात, आणि प्रिमिटिव्ह म्हणून एक आकडा असतो. कार्डाला दिलेल्या हुकमांचा तो अंदाज. मोकळ्या सेक्शनवरून यार्डात शिरताना या पानावर नजर ठेवा. प्रिमिटिव्हचा आकडा चढतो, रेंडर शंभरीला भिडतो आणि त्याच क्षणी एफपीएस कोसळतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की कार्डाचा विषय डोक्यातून जातो. रेंडरऐवजी अपडेटर शंभरीला असेल, तर गाडीची लांबी आणि इतर गाड्यांची वर्दळ भारी पडते आहे असं समजा. झटक्याच्या वेळी लोडर उसळत असेल, तर वरचं चौकोनी तुकड्यांचं प्रकरण.

एक पैसाही न घालता

रॅमपासून सुरू करा, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच सापडतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर मेमरी उघडली की वेग आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं. १६ जीबीची एकच काडी असेल, तर प्रोसेसर अर्ध्या रुंदीच्या रस्त्याने रॅमकडे जातो आहे. ८-८ च्या दोन काड्या त्याहून बऱ्या. चार स्लॉटच्या बोर्डवर त्या सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. असेंबल करणाऱ्याने घाईत शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये खोचलेल्या काड्या भरपूर बघायला मिळतात. झाकण उघडून एकदा बघाच.

मग वेग. ३२०० ची डीडीआर४ रॅम विकत घेतली म्हणून ती ३२०० ने धावत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी हा रॅमला पूर्ण वेग देणारा पर्याय चालू करेपर्यंत ती २१३३, २४०० किंवा २६६६ वरच रेंगाळते. डीडीआर५ ची ६००० वाली काडी तशीच ४८०० वर पडून असते. एएमडीच्या डीडीआर५ बोर्डवर त्या पर्यायाचं नाव एक्स्पो. बायोसमधला हा एक पर्याय यार्डातल्या आकड्यात जाणवेल इतका फरक पाडतो, आणि वर्षभर तो बंदच राहिलेली मशीन काही कमी नाहीत.

मॉनिटरची एचडीएमआय केबल कार्डात आहे की मदरबोर्डात? हसू नका. ज्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असतं, तिथे बोर्डात लावलेली केबलही चित्र दाखवते आणि विकत आणलेलं कार्ड पाहुण्यासारखं बसून राहतं. नावापुढे एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरला हा घोटाळा होऊच शकत नाही, स्क्रीन काळीच राहते. लॅपटॉपवर याचाच भाऊ म्हणजे चार्जर न लावता खेळणं, किंवा विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या गेमला हाय परफॉर्मन्स न देणं.

'ट्रेन सिम्युलेटर क्लासिक' हा गेम खेळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. त्याची ६४-बिट आवृत्ती २०१८ च्या अखेरीस आली, पण स्टीममधून चालू करताना ३२-बिटचा पर्यायही समोर येतो. एकदा तो निवडून 'पुन्हा विचारू नका' केलं की संपलं. ३२-बिट प्रोग्रामला ४ जीबीच्या पलीकडची रॅम वापरताच येत नाही, मग मशीनमध्ये ३२ असो की ६४. भारी रूटवर तासाभराने गेम मरतो तो बऱ्याचदा यापायीच.

सेटिंगमध्ये लोक सरसकट सगळं खाली ओढतात, तेही चूक. रिझोल्यूशन आणि अँटिएलियासिंग (वस्तूंच्या दातेरी कडा गुळगुळीत करणं) हा कार्डाचा भार. दृश्याचं अंतर, वस्तूंची दाटी, सावल्या, प्रवाशांची गर्दी हा मुख्यतः प्रोसेसरचा. यार्डात अडकत असेल तर दुसऱ्या गटाला हात लावा. ओपन रेल्समध्ये दृश्याचं अंतर मुळात २००० मीटर असतं. हौसेने ते ८००० केलेलं असेल तर परत खाली आणा, डोंगरांसाठी वेगळा पर्याय आहेच. सावल्या बंद केल्या की प्रिमिटिव्हचा आकडा केवढा उतरतो ते त्याच एफ५ च्या पानावर दिसेल. उलट, कार्ड मोकळं बसलं असेल तर अँटिएलियासिंग खुशाल चढवा, फुकट आहे. फक्त सुपरसॅम्पलिंग, म्हणजे चित्र मोठं काढून मग लहान करणं, जपून: क्लासिकमधलं दोन बाय दोन किंवा 'ट्रेन सिम वर्ल्ड' या गेममधलं २०० टक्के स्क्रीन परसेंटेज म्हणजे १०८० वर २०.७ लाखांऐवजी ८३ लाख पिक्सेल.

आणि एफपीएसला लगाम घाला. गाडी चालवताना सतत ३५ हे ७० आणि २५ मध्ये हेलकावणाऱ्या आकड्यापेक्षा कितीतरी सुखाचं असतं. यार्डात जेवढा टिकतो त्याच्या आसपास मर्यादा लावा. फ्रीसिंक किंवा जीसिंकचा मॉनिटर असेल तर एफपीएस ४८ च्या आसपास असताना सगळ्यात गुळगुळीत वाटतं, असं माझं मत. यावर वाद घालणारे भेटतात.

झटके आणि डिस्क

लोडिंगचे झटके ठरले असतील तर उपाय छोटा आहे. सिम्युलेटर अजून फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलवा. रूट म्हणजे हजारो बारीक बारीक फायली. फिरत्या डिस्कचं डोकं त्यांच्यामागे धावून दमतं. साधी साटा एसएसडीसुद्धा इथे मोठा फरक पाडते. साटावरून महागड्या एनव्हीएमईवर गेल्यावर तसाच चमत्कार होईल अशी आशा मात्र धरू नका. स्टीममधून गेम दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येतो, ओपन रेल्सच्या रूटचं फोल्डर नुसतं कॉपी करून नवीन पत्ता दिला की झालं.

एसएसडी असूनही झटके येत असतील तर विंडोज सिक्युरिटीच्या अपवादांच्या यादीत त्या रूटचं फोल्डर घाला, नाहीतर प्रत्येक बारीक फाइल उघडताना तपासणी होते. अर्थात फायली भरवशाच्या ठिकाणाहून आणलेल्या असतील तरच. ट्रेन सिम वर्ल्डमध्ये नवीन रूटच्या पहिल्या फेरीत येणारे आणि दुसऱ्या फेरीत कमी होणारे झटके शेडर, म्हणजे कार्डासाठीचे चित्र रंगवण्याचे छोटे प्रोग्राम, तयार होण्याचे असतात. त्यासाठी काही विकत घ्यायची गरज नाही, एकदा रूट फिरून या.

वीस मिनिटांनी जड होणं

हा उन्हाचा आजार आहे. जळगाव, अकोला, नागपूरकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते, मग समोर काच लावलेल्या, हवा आत न घेणाऱ्या कॅबिनेटमध्ये काय होत असेल? प्रोसेसर आपल्या मर्यादेला पोचला की स्वतःचा वेग कमी करतो. रायझन ५ ७६०० ची ही मर्यादा ९५ अंश, इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची १००. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून खेळा. अडखळायला लागल्याच्या क्षणी तापमान टोकाला आणि प्रोसेसरचा वेग खाली दिसला, तर झाकण काढून टेबल फॅन लावून बघा. फरक पडला तर धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला, समोर जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. दिवाळीच्या साफसफाईपर्यंत थांबू नका.

तापमान ठीक असेल तर कार्डाची मेमरी बघा. ८ जीबीच्या कार्डावर वरच्या सेटिंगने लांबची फेरी मारताना ती भरली की टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, रॅममध्ये ढकललं जातं आणि सगळं अडखळतं. टेक्स्चर किंवा स्क्रीन परसेंटेज एक पायरी खाली. गेम बंद पडण्याऐवजी अख्खं मशीन रिस्टार्ट होत असेल तर एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घ्या. बिननावाचा डबा असेल तर आधी तो बदला. यूपीएसही बघा: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, आणि त्याच्यावर मॉनिटर, राउटर, स्पीकर सगळं लटकवलेलं असतं.

हे सगळं करूनही घ्यायचंच असेल तर

कोणता सिम्युलेटर खेळता ते आधी. ओपन रेल्स आणि क्लासिक असेल तर पैसा प्रोसेसरमध्ये घाला. थ्रेड किती यापेक्षा एकेक कोअर किती वेगवान ते बघा. १६ कोअरचा प्रोसेसर इथे शोभेचा. कमी बजेटमध्ये कोअर आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ७६००, दोन काड्यांत ३२ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी आणि मध्यम कार्ड, एवढ्यात आपल्याकडच्या हौशी मंडळींनी बनवलेल्या घाटातल्या रूटवर बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, लावून मालगाडी चढवता येते. बजेट असेल तर रायझन ७ ७८००एक्स३डी. त्यात एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी, ९६ एमबी आहे, ७६०० मध्ये ३२. यार्डातल्या विखुरलेल्या वस्तूंची माहिती रॅमकडे न धावता हाताशी मिळते, आणि ट्रेन सिम्युलेटरला नेमकं तेच हवं असतं. ट्रेन सिम वर्ल्ड अनरियल इंजिन ४ वर चालतो, त्याचा उजेड आणि पाऊस कार्डाला खरंच कामाला लावतात. तिथे प्रोसेसर आणि कार्ड यांत पैसे सारखे वाटले तर बरं, आणि कार्ड ८ जीबीपेक्षा जास्त मेमरीचं.

जुनं रायझन २६०० किंवा ३६०० आणि बी४५० बोर्ड असेल तर अख्खं मशीन टाकू नका. बायोस अपडेट करून त्याच बोर्डवर ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी बसतो, रॅम तीच राहते. नवा मिळणं आता अवघड होत चाललंय, पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती ज्या चढल्या आहेत त्या बघता जुनी डीडीआर४ सांभाळणं शहाणपणाचं आहे. सेकंडहँडमध्ये इंटेलचे १३ आणि १४ पिढीचे वरचे प्रोसेसर घेताना सावध: जास्त व्होल्टेजमुळे ते बिघडत होते, त्यावर उपाय म्हणून मायक्रोकोड (बायोसमधून येणारे प्रोसेसरचे अपडेट) २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आले. आधीच्या मालकाने बायोस कधी अपडेट केला ते विचारा, आणि त्याला ते आठवत नसेल तर दुसरं गिऱ्हाईक होऊ द्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नवीन मशीनवर ११ च.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा पुण्यात तपकीर गल्लीत, कोटेशन सुट्या भागांचं मागा, 'पॅकेज'चं नको. पॅकेजमध्ये कार्डाचं नाव ठळक असतं आणि रॅम, एसएमपीएस, एसएसडी यांची नुसती क्षमता लिहिलेली असते, कंपनी नाही. बिल जीएसटीचं, प्रत्येक भागाच्या सिरियल नंबरसकट घ्या. वॉरंटी त्यावरच चालते.

मशीन घरी आल्यावर पहिल्याच दिवशी एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा आणि जुन्या मशीनवर ज्या यार्डात अडकायचं तिथेच, तीच गाडी, तीच वेळ, तेच हवामान लावून उभे राहा. जुना आकडा लिहून ठेवला असेलच. दोन्ही शेजारी ठेवा. फरक दिसत नसेल तर दुकानदाराची बदलून देण्याची मुदत संपायच्या आत काड्या कुठल्या स्लॉटमध्ये बसवल्यात ते पुन्हा बघा.